तिच्या वतीने

४ जून

बारक्या,

आशीर्वाद वगैरे शेवटी देते, आधी बातमी ऐक. नंबर लागला! सात महिने यादीत नाव होतं, परवा सोमवारी पहिला धडा उघडला. तुझ्या त्या गाळ उपसणाऱ्या जहाजावर फोन लागत नाही, आणि लागला तर पंपाच्या आवाजात तुला माझं निम्मं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून लिहायला बसले. एवढ्यात तीनदा उठले. एकदा दूध बघायला, एकदा तिच्या दाराशी कान लावायला, आणि तिसऱ्यांदा कशाला ते उठल्यावर विसरले.

सगळं पहिल्यापासून सांगते, कारण मागच्या वेळी 'म्हणजे ती लाजते, एवढंच ना?' असं विचारून तू माझं डोकं फिरवलं होतंस. लाजत नाही रे. लाजणारी पोरगी लाजत लाजत का होईना शाळेत जाते. तुझी भाची फेब्रुवारीपासून वर्गात गेलेली नाही. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की हिच्या घशातून आवाज निघत नाही, हात गार पडतात, आणि मग दोन दिवस तोच प्रसंग मनात दळत बसते. डॉक्टर म्हणाले, याला उपचार आहे, आणि या वयाच्या मुलांसाठी तो आता घरबसल्या संगणकावरही होतो. नऊ आठवडे, दर सोमवारी नवा धडा. मनात कोणता विचार आला, काय होईल असं वाटलं आणि प्रत्यक्षात काय झालं, ते पडद्यावरच्या वहीत लिहायचं. मग छोटे छोटे प्रयोग. दुकानात जाऊन काहीतरी विचारायचं, मुद्दाम एखादी चूक करायची, लोक खरंच हसतात का ते बघायचं. दर शुक्रवारी भीतीला शून्य ते शंभर गुण द्यायचे. पलीकडे एक मानसोपचारतज्ज्ञ बाई आहेत, त्या वाचून दोन दिवसांत लेखी उत्तर देतात. बाईंना हिने पाहिलेलं नाही आणि बाईंनी हिला.

जीव टांगणीला लागलाय तो ६ ऑगस्टमुळे. त्या दिवशी शाळेची तोंडी परीक्षा. समोर तीन परीक्षक आणि ही एकटी. लेखी पेपर तिने घरून दिले, ते चांगले गेले, पण तोंडी दिली नाही तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर ती त्या इमारतीत पुन्हा पाऊल टाकणार नाही. दातांच्या दवाखान्यात चौदा वर्षं बाहेरच्या टेबलाशी बसून माणसं बघतेय मी. खुर्चीवरून उठून पळालेला पेशंट परत येत नाही.

नियम एकच कडक आहे. लागोपाठ दोन आठवडे वही कोरी राहिली की जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. खातं मीच उघडून दिलं, फॉर्म मीच भरला. अख्ख्या इमारतीचे फॉर्म मी भरते, मग घरचा काय जड आहे?

तिचे बाबा म्हणतात, 'आता तिचं तिला करू दे.' लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, बटण दाबलं की वर जाते असंच त्यांना वाटायचं.

तुझी,
ताई

आशीर्वाद राहिलेच. घे.


१२ जून

ताई,

रसदीच्या होडीबरोबर तुझं पत्र आलं, बटाट्यांच्या पोत्याखाली दबून. आशीर्वाद तेवढे चुरगळलेत.

बातमी छान आहे. खरंच छान. 'लाजते' म्हणालो त्याबद्दल माफी. काय करू, ती चार वर्षांची असताना मीच तिला रेडिओ म्हणायचो, बंद करायचं बटण सापडत नाही म्हणून. तोच रेडिओ माझ्या डोक्यात बसलाय.

एक सांगू का? रागावू नकोस. जेवणाच्या सुट्टीत दुसरा उद्योग नव्हता, म्हणून तुझं पत्र पुन्हा वाचलं. त्यात डॉक्टर काय म्हणाले ते आहे, भावोजी काय म्हणाले ते आहे, तू काय म्हणालीस ते तर आहेच आहे. ती काय म्हणते ते कुठेच नाही. पहिला धडा वाचून तिचं तोंड कसं झालं होतं? हसली का? कंटाळली?

इथे आमचं चाललंय. दिवसभर नदीच्या तोंडातला गाळ उपसायचा, सकाळी उठून मोजलं तर निम्मा परत आलेला. इंजिनाची धडधड इतकी की सुट्टीवर किनाऱ्यावर गेलो की शांततेत झोप लागत नाही. मलाही सारखं काहीतरी हलतंय असंच वाटत असतं. तेव्हा तुझी घालमेल मला कळत नाही असं समजू नकोस.

तिला म्हणावं, मामाला दोन ओळी लिही. उत्तराची सक्ती नाही, शुद्धलेखनाची तर नाहीच.

बारक्या


२६ जून

बारक्या,

ती काय म्हणते, ती काय म्हणते! ती काही म्हणत नाही हाच तर आजार आहे ना रे? उचलली जीभ लावली टाळ्याला.

तुझा निरोप दिला. 'बघू' म्हणाली. हे घे, तिचा शब्द, जसाच्या तसा.

आई-बापांसाठीही वेगळे धडे असतात, दर आठवड्याला पंधरा मिनिटांचे. पहिल्यातच लिहिलंय, मुलाच्या वतीने बोलू नका. कुणी त्याला प्रश्न विचारला तर गप्प राहा, मनात दहा आकडे मोजा. म्हणे आपण उत्तर दिलं की मुलाची त्या वेळेपुरती सुटका होते, पण 'मला जमत नाही' हे पक्कं होत जातं. मी वाचलं, पटलं, खाली 'पटले' असं लिहूनही टाकलं. दुसऱ्याच दिवशी तिला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदार तिला म्हणाला, 'चौकट गोल हवी की चौकोनी?' मी मोजायला लागले. एक, दोन, तीन... चारला माझ्या तोंडून 'गोल' निघून गेलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, 'मला चौकोनी हवी होती.' आता गोल घालून बसलीय, घुबडासारखी.

पण आनंदाची गोष्ट ही की कागदावर सुधारणा आहे. भीतीचे गुण पहिल्या आठवड्यात ऐंशी होते, या वेळी पासष्ट. पावाच्या दुकानात जाऊन तिने किंमत विचारली म्हणे. वहीतलं तुझ्यासाठी उतरवते: 'माझ्या मनात असा विचार आला की, मी बोलू लागताच समोरची व्यक्ती घड्याळाकडे पाहील. प्रत्यक्षात तसे काही घडले नाही. दुकानदाराने सौजन्याने उत्तर दिले.' बाईंचं उत्तर लगेच आलं. 'तू फार धीराची आहेस. हा मोठा टप्पा आहे.' वाचून माझ्या अंगावर काटा आला.

घरात मात्र फरक दिसत नाही. उलट गेल्या रविवारपासून दार जास्तच बंद असतं. ताट आत घेऊन जाते. मी विचारलं, 'काय झालं?' तर माझ्याकडे असं बघितलं की मीच खाली बघितलं. बरं होताना आधी थोडं वाढतं म्हणतात, दातांचंही तसंच असतं.

ताई


४ जुलै

ताई,

एकच विचारतो. चोराच्या मनात चांदणं नसेल तर सरळ उत्तर दे.

'सौजन्याने' हा शब्द पंधरा वर्षांच्या पोरीने लिहिला? 'समोरची व्यक्ती'? ताई, तुझ्या दवाखान्यात भिंतीवर पाटी आहे, 'कृपया कर्मचाऱ्यांशी सौजन्याने वागा.' मी अक्कलदाढ काढायला आलो तेव्हा एका हाताने गाल धरून दीड तास ती पाटी वाचत बसलो होतो. ती तूच लिहून घेतली होतीस.

वही कोण लिहितंय?

बारक्या


१० जुलै

बारक्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी इतका राग आला की फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं.

मी लिहितेय.

ऐकून घे आधी. तिसऱ्या आठवड्यात शुक्रवार गेला आणि वही कोरी. पालक म्हणून माझ्या फोनवर सूचना आली, 'या आठवड्याची नोंद आलेली नाही.' दवाखान्यात समोर अकरा माणसं बसलेली, कुणाचा जबडा सुजलेला, आणि मला त्या सूचनेशिवाय काही दिसेना. सात महिने वाट बघितलेली जागा! तिला विचारलं असतं तर तिने दार लावून घेतलं असतं. शनिवारी दुपारी टेबलाशी बसूनच खातं उघडलं. तिची जन्मतारीख हाच तर परवलीचा शब्द, मीच ठेवलेला. म्हटलं, एका आठवड्याचं भरते, तोवर ती सावरेल. डॉक्टर लोकांना काय वाचायला आवडतं ते मला तोंडपाठ आहे. एकदम बरं लिहायचं नाही, थोडं थोडं कमी करत आणायचं. ऐंशी, पासष्ट, पन्नास, अडतीस.

चौथ्या आठवड्यात ती लिहील असं वाटलं. तिने उघडलंसुद्धा नसावं. मग तोही मी भरला, आणि पाचवा पण.

आता जे लिहितेय ते कुणाला सांगू नकोस, तिच्या बाबांनाही नाही. मला ते आवडायला लागलं. बाईंचं उत्तर यायचं त्या दिवशी मी दवाखान्यात जिना चढतानाच फोन बघायचे. एका धड्यात प्रश्न होता, 'लोकांना तुझ्यात काय दिसेल अशी भीती वाटते?' मी पटकन लिहून गेले, 'मी गप्प बसले तर लोकांना माझ्यात काहीच दिसणार नाही.' लिहिलं आणि हात थांबला. हे तिचं नव्हतं. पण खोडलं नाही. बाईंनी त्यावर इतकं मायेने उत्तर दिलं रे. मला आजवर असं कुणी विचारलंच नव्हतं.

आणि काल काय आलं बघ. 'तुझी प्रगती इतकी चांगली आहे की पूर्ण नऊ आठवड्यांची गरज वाटत नाही. आठवा धडा झाला की २५ तारखेला आपण थांबू, म्हणजे तुझी जागा वाट बघणाऱ्या दुसऱ्या मुलाला देता येईल. तोंडी परीक्षेला तू तयार आहेस.'

करायला गेले काय आणि वरती झाले पाय. जागा राहावी म्हणून केलं, आणि माझ्याच हाताने तिची जागा गेली. ती खोलीत आहे, तिला यातलं काही माहीत नाही. तिला काय सांगू? परीक्षेला सत्तावीस दिवस उरलेत.

ताई


१३ जुलै

ताई,

बस आधी. दूध उतू जात असेल तर गॅस बंद करून मग बस.

तिला माहीत आहे.

तुझ्यापासून लपवलं हे माझं चुकलं, पण शब्द दिला होता. २८ जूनपासून तिची मला तीन पत्रं आलीत. तिने अट घातली होती की आई स्वतःहून कबूल झाली तरच तिला सांगायचं, नाहीतर नाही. म्हणून मागच्या पत्रात मी तसं विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला कधी जमलं नाही हे तुला ठाऊक आहे, तरी पंधरा दिवस जमवलं.

तिसऱ्या आठवड्यात ती गप्प बसली नव्हती. गुरुवारी एकटी वाचनालयात गेली होती. खिडकीशी जाऊन एका पुस्तकाबद्दल विचारायचं, हा तिचा प्रयोग. तीन दिवस तयारी केली होती. खिडकीशी पोचली आणि आवाजच निघाला नाही. मागे रांग होती. कुणीतरी म्हणालं, 'अगं, बोल की.' ती कार्ड तिथेच टाकून निघून आली. शुक्रवारी लिहायची हिंमत झाली नाही, शनिवारीही नाही. रविवारी सकाळी लिहायचं ठरवून तिने वही उघडली, तर वही भरलेली. कुणीतरी पावाच्या दुकानात जाऊन आलेलं. दोन दिवसांनी बाईंचं उत्तर आलं तेही तिने वाचलं.

पुढचं तिच्याच शब्दांत देतो, कारण ते मला माझ्या शब्दांत सांगता येणार नाही. 'मामा, बाईंना आता एक चांगली मुलगी मिळालीय. ती दुकानात जाते, तिची भीती कमी होते. मी वाचनालयात काय केलं ते आता कुणाला सांगू? बाईंना वाटेल मी खोटं बोलतेय.'

एक दिवस थांबली असतीस, ताई. एकच दिवस.

तुला बरं वाटावं असं काही लिहायचं म्हणून बराच वेळ बसलो. मला तुझा राग आलाय. आणि तू त्या बाईंना आपलं म्हणून जे लिहिलंस, ते वाचून रडूही आलं. आमचा इंजिनवाला विचारत होता, 'घरी कुणी गेलं का?'

बारक्या


१६ जुलै

बारक्या,

सकाळपासून तिच्या दारापर्यंत किती वेळा गेले ते मोजलं नाही. तिला माहीत होतं. ती तीन आठवडे माझ्यासमोर बसून चहा प्यायली आणि तिला माहीत होतं.

दवाखान्यात आज दोन पेशंटना एकच वेळ देऊन बसले. दोघंही भांडले. मी काही बोलले नाही, तर डॉक्टर बाहेर येऊन बघून गेले की टेबलाशी मीच आहे ना.

पण हातावर हात ठेवून बसणारी मी नव्हे. २५ तारीख तोंडावर आहे. बाईंना सगळं खरं कळवायला हवं, तेही तिच्याकडून. आणि तिला एवढं लिहिणं झेपणार नाही. म्हणून मी एक मसुदा करून ठेवलाय. तुझ्याकडे पाठवतेय, बघ, कुठे कमी-जास्त वाटतं का. तू होय म्हणालास की तिच्या खात्यातून पाठवून देते.

'आदरणीय बाई, मी आपणांस कळवू इच्छिते की तिसऱ्या आठवड्यापासूनच्या नोंदी माझ्या आईने भरलेल्या आहेत. आईचा हेतू चांगला होता. तरी कृपया माझी जागा रद्द करू नये, ही नम्र विनंती...'

लवकर कळव.

ताई


१८ जुलै

ताई,

अगं, काय करतेस! पुन्हा?

फाड तो कागद. तिच्या दारावर टकटक कर आणि एवढंच म्हण, 'वही मी भरली. माझं चुकलं. परवलीचा शब्द तू बदल आणि मला सांगू नकोस.' चौथं वाक्य बोलायचं नाही. बोलावंसं वाटलं तर जिने चढून-उतरून ये.

होडी निघतेय, म्हणून एवढंच.

बारक्या


२४ जुलै

बारक्या,

तुझं ऐकलं. तीन वाक्यं बोलले. तिने दार लावलं, आणि मी खरंच पाच मजले खाली उतरले. लिफ्ट चालू होती तरी. परत आले तेव्हा माझ्या फोनवर सूचना होती, 'तुमच्या पाल्याने परवलीचा शब्द बदलला आहे.'

त्याच संध्याकाळी तिने बाईंना लिहिलं. काय लिहिलं ते मला माहीत नाही. हे वाक्य लिहितानासुद्धा हात शिवशिवतोय. बाईंनी आम्हा दोघींना काल पडद्यावर भेटायला बोलावलं. आईने आत बसायचं की बाहेर, हे मुलीने ठरवावं असं सांगितलं. हिने मला चिठ्ठी दिली. 'आत. पण बोलायचं नाही.'

मी पलंगाच्या कडेला बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. पडद्यावर बाई आल्या. मला वाटलं होतं तशा नाहीत. अगदी तरुण, सर्दी झालेल्या. त्या म्हणाल्या, 'तुला जिथून सुरू करायचं तिथून कर. मला घाई नाही.'

आणि मग काहीच नाही. भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून सांगते. चार मिनिटं. तुला चार मिनिटं म्हणजे काय ते कळायचं नाही. तिची मान खाली, केस चेहऱ्यावर, पायाचा अंगठा फरशीवर घासतेय. बाई नुसत्या बसून. माझ्या तोंडात सगळी उत्तरं तयार होती रे, एकामागून एक, रांग लावून. दात ओठांत रुतले. एकदा तर मी उठलेच, पण ती वळून बघेल म्हणून परत बसले.

मग ती बोलली. 'ती मी नाही,' म्हणाली. इतक्या हळू की मला वाटलं बाईंना ऐकू गेलं नसेल, आता सांगावं का. पण बाईंनी मान हलवली. 'दुकानात गेलेली मी नाही. मी वाचनालयात गेले होते आणि मला जमलं नाही.' मग सगळं सांगितलं. खिडकी, रांग, ते कार्ड. अडखळत, मधेच गप्प होत, पण सांगितलं. बाईंनी विचारलं, 'आत्ता भीती किती आहे?' ती म्हणाली, 'ब्याण्णव.'

मी अडतीसवर आणून ठेवली होती. आणि ते ब्याण्णव ऐकून मला हलकं वाटलं.

जागा राहिली. पण तिसऱ्या धड्यापासून पुन्हा. परीक्षेच्या आधी जेमतेम दोन धडे होतील. बाई स्पष्ट म्हणाल्या, कदाचित नाही जमणार, आणि तरी गेलीस तर तोही एक प्रयोग. माझ्यामुळे तिचे जे दीड महिने गेले ते परत देता येणार नाहीत असं त्या म्हणाल्या नाहीत. मीच मनात म्हणाले.

शेवटी त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'तुम्ही लिहिलेल्या नोंदी मी पुन्हा वाचल्या. त्यातल्या सगळ्या भित्या बनावट वाटल्या नाहीत. त्या कुणाच्या?' मी तोंड उघडलं. चौदा वर्षं टेबलाशी बसून कुणालाही उत्तर देणारी मी. मी उशीचा अभ्रा सरळ करायला लागले. त्यांनी मोठ्यांसाठीच्या एका केंद्राचा पत्ता दिलाय. पर्समध्ये आहे. अजून फोन केलेला नाही, तेव्हा विचारू नकोस.

तेरा दिवस राहिले. ती माझ्याशी 'मीठ दे', 'पाणी दे' एवढंच बोलते. मला झोप नाही, भूक नाही, आणि विचारायचं काही नाही.

ताई


७ ऑगस्ट

मामा,

आई म्हणाली, कालचं तूच लिही. तिने स्वतः अर्धं पान लिहिलं होतं. माझ्यासमोर फाडलं. जरा जास्तच जोरात फाडलं.

धड्यात लिहितात तसं लिहिते. काय होईल असं वाटलं: आवाज जाईल, परीक्षक शून्य देऊन बाहेर काढतील, सगळी रांग बघेल. भीती पंच्याण्णव.

काय झालं ते असं. बाहेर हिरव्या बाकांवर आम्ही सतरा जण आणि प्रत्येकाची आई किंवा बाबा. नावं लिहून घेणारे काका माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, 'नाव काय मुलीचं?' आई छताकडे बघायला लागली. छतावर काहीही नव्हतं. काकांनीही वर बघितलं. मग मी नाव सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

आत तिघं होते. एक बाई, एक नाक ओढणारे सर आणि एक पेन टकटक करणारे. पहिला प्रश्न सोपा होता. मला येत होता. आणि आवाज गेला, मामा. अगदी वाचनालयासारखा. पेनवाल्यांनी जांभई दिली. भीती शंभर. मी दाराकडे बघितलं, दार चार पावलांवर होतं. मी खुर्चीवरून अर्धी उठलेसुद्धा.

पण बाहेर गेले असते तर आई काही विचारणार नव्हती. आधी कसं, मी पळून आले की ती पुढे व्हायची, सगळ्यांशी बोलायची, मला फक्त घरी जायचं असायचं. आता ती तसं करणार नव्हती. मला इतकं एकटं वाटलं की मी परत बसले.

आणि म्हणाले, 'मला सुरुवातीला वेळ लागतो. थांबाल का?' हे मी पाठ केलेलं नव्हतं. बाकी सगळं पाठ केलं होतं. बाई म्हणाल्या, 'थांबतो की.' आणि ते तिघंही थांबले. नाकवाल्यांनी तेवढ्यात नाक शिंकरून घेतलं.

पाच प्रश्नांपैकी तीन आले, एक अर्धा, एक पूर्ण चुकला. चिठ्ठीवर 'उत्तीर्ण' लिहिलंय, काठावर. वर्ष वाचलं. नंतर शौचालयात जाऊन मी रडले, हे आईला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा भीती साठ. सोमवारी पाचवा धडा आहे. वाचनालयाचं कार्ड अजून आणलेलं नाही, ते मला अजिबात जमेल असं वाटत नाही.

एक राहिलं. मी बाहेर आल्यावर आईने चिठ्ठी उलटसुलट करून दोनदा बघितली. ती चुरगळेल म्हणून चिठ्ठी मीच परत घेतली. तेवढ्यात शेजारच्या बाकावरच्या एक काकू आईजवळ आल्या आणि म्हणाल्या, 'आत काय विचारतात हो? तुमच्या मुलीला काय विचारलं?' आईने तोंड उघडलं. मिटलं. मग म्हणाली, 'तिलाच विचारा.'

मला आईचा भयंकर राग आला. मी नुकती सुटून आले होते!

काकू माझ्याकडे वळल्या. त्यांच्या मागे त्यांची मुलगी बसली होती, माझ्याएवढीच. केस पुढे घेतलेले, हात मांड्यांखाली. तिचा नंबर पुढचाच होता. मी काकूंना काही सांगितलं नाही. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि तिला म्हणाले, 'आवाज गेला तर थांबा म्हण. थांबतात.'